यादी वाढतेय, ऐकणं खुंटलंय

पत्र:

"मी ४६ वर्षांचा, नाशिकला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. कॉलेजात असताना पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, जेथ्रो टल यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्या. यंदा ठरवलं, की कधी नावही न ऐकलेले प्रोग्रेसिव्ह रॉक बँड ऐकायचे. फोनमध्ये यादी केली, तिच्यात आज ३१२ अल्बम आहेत. रोज रात्री तीन-चार लावतो. दहा मिनिटं ऐकतो, पुढचा लावतो. सकाळी एकाचंही नाव आठवत नाही. ॲप फिरून फिरून फ्लॉइडच पुढ्यात आणून ठेवतं. शिवाय निम्मे बँड कुठल्या भाषेत गातात तेही कळत नाही. बायको म्हणते, दाताच्या दवाखान्यातसुद्धा एवढा आवाज नसतो. माझं वय झालं, की चांगलं संगीतच संपलं? सुरुवात नेमकी कुठून करू?
– तीनशे बारावाला, नाशिक"

उत्तर:

तीनशे बारावाले, नमस्कार.

देखभाल विभागात आहात हे तुम्ही जाता जाता लिहून मोकळे झालात, मी मात्र तिथेच अडकले. मशीनचं बेअरिंग जायला आलं की तुमच्या कानाला ते आधी कळत असणार, तपासणीचा कागद नंतर. हे कसं जमलं? तीनशे बारा मशिनींपाशी दहा-दहा मिनिटं उभं राहून नक्कीच नाही. एकाच मशीनचा रोजचा सूर कानात मुरलेला असतो, म्हणून त्यात जरा खरखर आली की टोचते. आणि तोच माणूस रात्री घरी येऊन तीनशे बारा बँडांवरून नुसता कान फिरवतो!

वयाचं मनातून काढून टाका. मी तुमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी पुढे आहे, आणि गेल्याच आठवड्यात एका नॉर्वेजियन बँडपायी माझ्या ताटातला भात गार झाला.

अडचण या संगीताच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (आम्ही नुसतं 'प्रोग' म्हणतो), घडणीतही आहे. ते दहा मिनिटांत हाती लागावं म्हणून केलेलंच नाही. कॅरव्हॅन या इंग्लिश बँडचा १९७१चा 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक' घ्या. त्याची दुसरी अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, जवळजवळ तेवीस मिनिटांची. तुम्ही दहाव्या मिनिटाला उठलात तर विलंबित अर्ध्यावर असताना चहाला गेलात असं समजा. बंदिश ऐकलीत, राग राहिला.

ॲपवर चिडूनही उपयोग नाही. हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, एवढंच ते बघतं, आणि फ्लॉइड तर सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. वाण्याकडे काहीही आणायला गेलात तरी तो साखर हवी का विचारतोच, त्यातला प्रकार.

तर आता यादी बाजूला ठेवा. पुसू नका, जीव लागला असेल. पण यापुढे अल्बम शोधू नका, माणूस धरा. एखादा वाजवणारा आवडला की तो आधी कोणाबरोबर वाजवायचा, नंतर कुठे गेला, त्याच्या शेजारी कोण बसायचं, हा माग काढत जा. आपल्याकडे घराण्यांचं ऐकणं असंच तर वाढतं. एक गवई आवडतो, मग त्याचे गुरू, मग गुरुबंधू, मग गुरुबंधूंना साथ करणारा तबलजी. एके दिवशी लक्षात येतं, की आपण तीस माणसं ओळखतो आणि एकाचंही नाव पाठ केलेलं नाही.

तुमच्याच माहितीतल्या माणसापासून सुरुवात करू. येसच्या 'क्लोज टू द एज'वरचा ड्रमर बिल ब्रुफर्ड तुम्हाला माहीत आहे. १९७२मध्ये तो अल्बम करून तो येसमधून बाहेर पडला आणि किंग क्रिम्सनमध्ये गेला, इथवरही तुम्ही त्याच्या मागे गेला असाल. नंतर सत्तरीच्या अखेरीस त्याने स्वतःच्याच नावाचा बँड काढला. त्यांचा १९७९चा 'वन ऑफ अ काइंड' लावा. गिटारवर ॲलन होल्ड्सवर्थ आहे, लोक त्याच्यासाठीच हा अल्बम घेतात. तुम्ही मात्र कीबोर्डकडे कान द्या. तो डेव्ह स्ट्युअर्ट. (याच नावाचा एक माणूस युरिथमिक्समध्ये होता, तो वेगळा. या नामसाधर्म्यात मी एकदा पैसे घालवले आहेत.)

आता स्ट्युअर्टचं बोट धरून उलटं चालायला लागा. ब्रुफर्डच्या आधी तो नॅशनल हेल्थमध्ये होता, त्यांचा पहिला अल्बम १९७८चा. त्याच्या आधी हॅटफिल्ड अँड द नॉर्थ, अल्बम दोनच, १९७४ आणि १९७५ चे. लंडनमधून उत्तरेला जाताना रस्त्यावर पाटी लागायची, 'हॅटफिल्ड आणि उत्तर'. तेच बँडचं नाव! आपल्याकडे कुणी 'कसारा व पुढे' असं नाव ठेवावं, तसं. गाण्यांची नावंही अशीच वाह्यात, आणि संगीत मात्र इतकं नाजूक विणलेलं की टाका शोधून सापडत नाही. गाणारा रिचर्ड सिंक्लेअर हा आधी कॅरव्हॅनमधला, म्हणजे वर सांगितलेल्या तेवीस मिनिटांतला. तोच पुढे कॅमलमध्ये गेला. कॅमल तुमच्या यादीत असणारच.

आणखी मागे गेलात की १९७२चा 'स्पेस शँटी' लागतो, खान नावाच्या बँडचा. त्यात स्ट्युअर्टचा शाळासोबती स्टीव्ह हिलेज गिटारवर आहे. त्याच्याही मागे एग, ऑर्गन, बास आणि ड्रम अशा तिघांचा बँड, गिटारच नाही. या एगने १९६९मध्ये एक छोटी तबकडी काढली होती, 'सेव्हन इज अ जॉली गुड टाइम'. सात मात्रांचा ताल किती मजेचा, हेच त्या गाण्यात सांगितलंय. तिकडच्या ऐकणाऱ्याला चार मात्रांपलीकडे गेलं की पाय अडखळतो, म्हणून त्यांना गाणं लिहून समजवावं लागलं. रूपकात भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला सातची भीती कशाला? फ्लॉइडच्या 'मनी'ची सुरुवात सात मात्रांची आहे, मांडीवर ठेका धरून बघा. गिटारचा तुकडा आला की ताल चारात जातो, तिथे एकदम सपाट रस्त्याला लागल्यासारखं वाटतं ना? ते वाटणं म्हणजेच तुमचा कान तयार आहे याचा दाखला.

एका कीबोर्डवाल्यापायी पाच बँड झाले, आणि ते एकमेकांत असे गुंतलेत की विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. या मंडळींच्या घराण्याला कँटरबरी म्हणतात, त्या गावातल्या काही पोरांपासून सुरू झालं म्हणून. सगळे त्या गावचे होते असं नाही. पण किराण्याचे सगळे गवई तरी कुठे कैराना गावचे असतात?

दुसरा माग छोटा, पण मला फार आवडतो. डायर स्ट्रेट्सचं 'सल्तन्स ऑफ स्विंग' ऐकलं नाही असा तुमच्या वयाचा माणूस मला अजून भेटायचाय. त्यावर ड्रम वाजवणारा पिक विदर्स त्याच्या सात वर्षं आधी स्प्रिंग नावाच्या बँडमध्ये होता. बँड लेस्टरचा, अल्बम एकच, १९७१चा, वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत केलेला. पाच जणांपैकी तिघे मेलोट्रॉन वाजवायचे. तिघे! तेव्हा बहुतेक बँडांना एक परवडताना मारामार होती.

मेलोट्रॉनवर मी जरा रेंगाळणार आहे, तुम्ही देखभालीतले असल्यामुळे तर हक्काने. दिसायला पेटीसारखं वाद्य. आत मात्र प्रत्येक पट्टीखाली चुंबकी टेपचा एकेक तुकडा असतो, आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गाणाऱ्यांच्या समूहाचा एकेक सूर आधीच रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि पुढे सरकायला लागते. सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. टेप जेमतेम आठ सेकंदांची. आठ सेकंदांपुढे तुम्ही पट्टी कितीही दाबून धरा, सूर संपलेला असतो. त्यामुळे वाजवणाऱ्याला हात कायम खेळता ठेवावा लागतो, एक बोट उचलायचं तोवर दुसरं ठेवायचं, आठ सेकंद व्हायच्या आत. एम-४०० या गाजलेल्या मॉडेलमध्ये अशा पस्तीस पट्ट्या, म्हणजे पस्तीस टेपा, पस्तीस स्प्रिंगा. हवेत दमटपणा आला किंवा मोटरचा वेग जरा चुकला की सूर हलायचा. तुमच्या खात्यात हे यंत्र आलं असतं तर तुम्ही बदली मागितली असती. पण त्या हलण्यामुळेच त्या आवाजाला मरगळलेल्या देवळातल्या समूहगानासारखा रंग येतो. तो रंग आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हुबेहूब उतरवायचा असतो, हलण्यासकट.

मेलोट्रॉनचा विषय निघाला म्हणून माझी कॅसेट सांगते. १९९४ साली पुण्यात वसतिगृहात असताना मैत्रिणीच्या आतेभावाने स्वीडनहून एक टेप पाठवली होती, नव्वद मिनिटांची. त्याला बँडचं नाव लिहिता आलं नसावं, कारण वर बॉलपेनने नुसतं 'स्वीडन – जोरात' असं खरडलेलं. दुसऱ्या बाजूला आत्याबाईंच्या भजनी मंडळाची तालीम होती, ती पुसायचं धाडस त्याला झालं नसणार. पहिल्या बाजूची सुरुवात एकट्या पियानोने. शांत, शाळेतल्या प्रार्थनेआधी बाई पेटीवर बोटं फिरवतात तशी. आणि मग सगळा बँड अंगावर कोसळतो. बास गुरगुरणारा, मध्येच सगळं थांबून नुसती बासरी, पुन्हा कोसळणं. चार रचना, चव्वेचाळीस मिनिटं, टेपची बाजू पंचेचाळीसची. शेवटी अर्धाएक मिनिट टेपची सळसळ आणि मग खट्. तो 'खट्' माझ्या डोक्यात त्या अल्बमचाच भाग होऊन बसलाय.

नाव कळायला मला चार वर्षं लागली. बँडचं नाव एंग्लागोर्ड, अल्बम 'हिब्रिस', साल १९९२. विशी-बाविशीतल्या पोरांनी, जगात सगळीकडे दुसरंच संगीत गाजत असताना, जुना मेलोट्रॉन बाहेर काढून हा उद्योग केला होता. दोन वर्षांनी 'एपिलोग' केला आणि बँड मोडला. मग २०१२मध्ये एकदम तिसरा अल्बम! त्या पियानोने सुरू होणाऱ्या पहिल्या रचनेचं नाव आहे 'यूर्दरोक'. शब्दशः अर्थ 'मातीचा धूर', पण स्वीडिशमध्ये ते एका रानटी रोपट्याचं नाव आहे, आपल्या वैद्यांच्या पित्तपापड्याच्या गोतातलं. ही माहिती संगीत कळायला कुठेच लागत नाही. मला मात्र ती कळल्यापासून त्या बँडशी दूरचं नातं लागल्यासारखं वाटतं.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून इटलीला चला. भीमसेनांच्या कन्नड दासवाणीने आपल्या कितीतरी घरांत पहाट झाली, कुणी शब्दकोश घेऊन बसलं होतं का? इटालियन प्रोग तसंच ऐकायचं. १९७२-७३ या दोन वर्षांत त्या देशात जे पीक आलं त्याला तोड नाही. इंग्लंडमध्ये जरा बाजूलाच पडलेल्या व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडचा 'पॉन हार्ट्स' हा अल्बम तिकडे चक्क पहिल्या क्रमांकावर होता. ऐकणारे असे, म्हणून वाजवणारे तसे. मिलानमध्ये पीएफएम, रोममध्ये बँको देल मूतुओ सोक्कोर्सो. हे दोघे त्यातले मोठे. पीएफएमचा 'स्टोरिया दि उन मिनुतो' आणि बँकोचा 'डार्विन!' एवढे दोन झाले की मग गल्लीबोळात शिरा.

गल्लीबोळ म्हणजे काय? नेपल्सच्या इल बालेत्तो दि ब्रोन्झोचा 'ईस', १९७२चा. जान्नी लेओने नावाच्या पोराने त्यात कीबोर्ड असा वाजवलाय की मागे पोलीस लागलेत असं वाटावं. तो रात्री एकट्याने ऐकू नका. किंवा सेमिरामिसचा १९७३चा 'देदिकातो आ फ्राझ'. त्यातला गाणारा-गिटारवाला मिकेले झारिल्लो तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे तो इटलीत लोकप्रिय प्रेमगीतं गाणारा झाला, म्हणजे तिथल्या कुणाच्या मावशीला विचाराल तर ती त्याला ओळखेल आणि हा अल्बम तिला ठाऊकही नसेल. किंवा म्युझेओ रोझेनबाखचा 'झरातुस्त्रा'. मेलोट्रॉनने भरलेला, वीस मिनिटांहून लांब शीर्षकरचना, पहिल्या दर्जाचं काम. पण कव्हरवरच्या चित्रजुळणीत मुसोलिनीचा पुतळा होता आणि १९७३ साली इटलीत त्यावरून गहजब होणारच होता. बँडवर फॅसिस्ट असल्याचा शिक्का बसला आणि तो पुढे टिकला नाही. संगीत वाईट म्हणून नाही, कव्हरपायी! कमी गाजलेल्या बँडांच्या मागे अशा गोष्टी असतात, आणि गोष्ट कळली की नाव आपोआप लक्षात राहतं. तुमच्या यादीत नुसती नावं आहेत, गोष्ट एकही नाही, म्हणून सकाळी पाटी कोरी.

मिलानच्या एरिया या बँडबद्दल वेगळं सांगते, कारण त्यांच्याबद्दल मला तटस्थ राहता येत नाही. देमेत्रिओ स्त्रातोस हा त्यांचा गायक, अलेक्झांड्रियात ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मलेला. मानवी गळ्यातून एका वेळी किती सूर निघू शकतात याचा त्याने पार अभ्यास केला. १९७९मध्ये तो आजारी पडला, उपचारांना पैसे जमवायला मिलानमध्ये मोठा कार्यक्रम ठरला, आणि आदल्याच दिवशी तो गेला. कार्यक्रम झाला तो त्याच्या आठवणीचा. त्यांचा १९७३चा पहिला अल्बम सुरुवातीला त्रास देईल. भूमध्य समुद्राभोवतीच्या सगळ्या लयी त्यात एकदम भांडतात. तीनदा ऐका. चौथ्यांदा मी सांगायची गरज पडणार नाही.

आता कटू बोलते. कमी गाजलेले बरेच बँड कमी गाजले ते न्यायानेच. 'दडलेलं रत्न' असं म्हणून जे पुढे केलं जातं त्यातलं निम्मं काचेचं असतं. गायक बेसूर, नाहीतर जेनेसिसची नक्कल इतकी चोख की मूळच ऐकावं. ऐंशीच्या दशकानंतरच्या अनेक बँडांना सीडीने बिघडवलं, असं माझं मत आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायची, त्यामुळे कात्री लावणं भाग होतं. सीडीवर सत्तरहून जास्त मिनिटं मिळाली आणि लोकांनी ती भरली, कारण जागा होती. गावच्या घराच्या माळ्यावर जे होतं तेच. त्यामुळे नवा बँड निवडताना आधी अल्बमची लांबी बघायची माझी खोड आहे. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं दिसली की मला विश्वास वाटतो. भात गार करणारे ते नॉर्वेजियन, वॉब्लर, त्यांचा २०१७चा 'फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर' जवळपास तेवढाच आहे.

तेव्हा आवडलं नाही तर बिनदिक्कत टाका. फक्त टाकायच्या आधी तीन वेळा ऐका, तेही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्यांदा नुसतं, हातातलं काम करत. दुसऱ्यांदा काही न करता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तिसऱ्यांदा एकच वाद्य धरून, बास धरलात तर उत्तम, कारण प्रोगमध्ये बास बहुधा स्वतःचीच वेगळी गोष्ट सांगत असतो. आठवड्याला एक अल्बम पुरे. हिशेब केलात तर तुमच्या ३१२ला सहा वर्षं लागतील, आणि लागू देत की! नाहीतरी आत्ताच्या वेगाने ते तीनएक महिन्यांत संपतील आणि हाती काहीच राहणार नाही.

सगळं जुनंच सांगतेय असं वाटत असेल तर बिग बिग ट्रेन घ्या. १९९०पासूनचा इंग्लिश बँड, कित्येक वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००९च्या 'द अंडरफॉल यार्ड'वर डेव्हिड लाँगडन गायला आला, सोबत पितळी वाद्यं आली आणि बँडचा नूर पालटला. त्यात एक गाणं आहे 'विंचेस्टर डायव्हर'. विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचा पाया पाण्याने खचत होता, तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुडा १९०६ ते १९११ अशी पाचएक वर्षं जमिनीखालच्या गढूळ पाण्यात, काही दिसत नसताना, नुसत्या हातांनी चाचपत सिमेंटच्या पोत्यांचा पाया रचत होता. तुमच्याच धंद्यातला माणूस म्हणायचा. प्रोगमध्ये राक्षस आणि अंतराळयानंच असतात असं म्हणणाऱ्यांना मी हे गाणं ऐकवते. लाँगडन २०२१मध्ये गेला, पण बँड चालू आहे.

याहून लांब जायचं असेल तर चिलीचे लोस हाइवास आहेत. १९७३च्या लष्करी बंडानंतर देश सोडून निघालेली ही मंडळी, आधी अर्जेंटिना, मग फ्रान्स. १९८१मध्ये त्यांनी पाब्लो नेरूदाची माचू पिचूवरची कविता संगीतात बसवली. अँडीज पर्वतातली बासरी आणि चारांगो हे तिथलं छोटं तंतुवाद्य एकीकडे, पियानो आणि सिंथेसायझर दुसरीकडे, आणि कुठे जोड दिसत नाही. जवळचं हवं असेल तर मुंबईच्या कोशिशचा २०१३चा 'फिरदौस', हिंदीतला आहे. भाषेची तुमची तक्रारही उरणार नाही.

पैशाचं एका वाक्यात उरकत नाही, पण थोडक्यात सांगते. हयात बँड असेल आणि अल्बम तिसऱ्यांदाही आवडला असेल, तर तो विकत घ्या. बँडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर बरेचसे बँड स्वतःच माल मांडून बसतात, डिजिटल प्रत घेतलीत तर टपाल आणि कस्टमची कटकटही नाही. हे बँड चालतात ते अशा काही हजार लोकांवरच. मॅरिलियनसारख्या नावाजलेल्या बँडला १९९७मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता, तेव्हा तिथल्या ऐकणाऱ्यांनी साठ हजार डॉलर गोळा करून त्यांना बोलावून घेतलं होतं.

वहिनींची तक्रार मात्र रास्त आहे. 'ईस' रात्री साडेदहाला स्पीकरवर लावणाऱ्याच्या बाजूने मी उभी राहणार नाही. हेडफोन घ्या. आणि रविवारी सकाळी, पोहे होताहेत अशा वेळी, कॅमलचा १९७५चा 'द स्नो गूज' हळू आवाजात लावा. त्यात शब्द नाहीत, आरडाओरडा नाही. 'हे कोण?' असं त्यांनी विचारलं तर एवढंच सांगा, की या बँडमध्ये नंतर एक गाणारा आला, तो आधी रस्त्यावरच्या पाटीचं नाव असलेल्या बँडमध्ये होता. पुढचं त्यांनी विचारलं तरच सांगा. आपण प्रोगवाले न विचारता फार बोलतो. हे पत्रच बघा केवढं झालंय!

या आठवड्यापुरतं एकच काम देते. स्प्रिंगचा तो १९७१चा अल्बम लावा, पहिलंच गाणं, 'द प्रिझनर'. पिक विदर्सचा ड्रम आज सोडून द्या, तो तिसऱ्या खेपेला. डोळे मिटून फक्त मेलोट्रॉन ऐका, आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यासारखे मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन… आठच्या आत वाजवणाऱ्याने बोट कधी उचललं, ते तुमच्या बेअरिंग ओळखणाऱ्या कानाला सापडतं का, तेवढं मला कळवा.